ओल्या कापसातला अंगठा

१

त्या उन्हाळ्यात सगळं लातूर टँकरच्या वेळेवर उठायचं आणि टँकरच्या वेळेवर झोपायचं. शिवकांताचं घर तेवढं सकाळच्या नवाला बांधलेलं होतं. साडेआठला अव्वाची पूजा आटपायची. अव्वा म्हणजे तिची आई, कमलम्मा. डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं, त्यावर चमचाभर पाणी सोडायचं, कपाळाला तीन बोटांनी विभूती ओढायची आणि तेच चमचाभर पाणी तीर्थ म्हणून पोटात घ्यायचं. एरवी तांब्या लागायचा. पण दोन हजार सोळा साली लातुराला पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं, तिथं देवानं तरी तांब्याचा हट्ट कसा धरावा? नवाला अव्वा टेबलाशी येऊन बसायची आणि उजवा अंगठा काचेच्या डबीवर टेकवायची.

ती डबी म्हणजे बोटाचे ठसे घेणारं यंत्र. एका बोटाचे ते तीन सेकंदांच्या अंतरानं दोन फोटो काढायचं. जिवंत बोटाला घाम असतो, बारीक छिद्रांतून तो रेषांवर पसरतो आणि दुसऱ्या फोटोत रेषा किंचित गडद येतात. नकली बोटाला कुठला आलाय घाम? दोन फोटोंतला हा फरक संगणकानं मोजायचा आणि शंभरापैकी आकडा द्यायचा. साठाच्या वर आला तर बोट जिवंत, खाली आला तर निर्जीव. एवढ्याशा गोष्टीवर शिवकांताची पाच वर्षं गेली होती. दिवसा कॉलेजात तासिकेवर शिकवायचं आणि उरलेल्या वेळात नांदेडच्या विद्यापीठासाठी हे बोटांचं पुराण लिहायचं. बाकीच्या पोरी लग्न करून मोकळ्या झाल्या आणि ही अजून बोटं मोजून राहिली, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या. म्हणोत बापड्या.

हे खूळ डोक्यात शिरलं तेही अव्वामुळंच. शिवकांताचे वडील निलंग्याकडचे. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेरीत कारकून म्हणून आले आणि पोरगी चार वर्षांची असताना गेले. अव्वानं पुढं बावीस वर्षं डाळ मिलमध्ये तूर निवडली. डाळ निवडता निवडता बोटं अशी गुळगुळीत झाली की रेषाच उरल्या नाहीत. नवऱ्याच्या पेन्शनीसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलं की यंत्र म्हणायचं, ही बाई कुणी नाही. अव्वा घाम पुसत काउंटरसमोर उभी, आणि ती जिवंत असल्याचा पुरावा मात्र मिळत नाही! तिसऱ्या वर्षी शिवकांता तिथंच रडली. डोळे पुसून तिनं ठरवलं की अव्वाला जिवंत म्हणणारं यंत्र आपण करायचं.

२

जिवंत ओळखायचं तर आधी नकली हाताशी पाहिजे. नकली बोटं सगळे जिलेटिनची करतात, पण जिलेटिन जनावरांच्या हाडांचं. लिंग बांधलेल्या घरात ते आणायचं म्हणजे अव्वानं चूल बंद केली असती. म्हणून शिवकांतानं चायना ग्रास आणलं, दुधाच्या वड्या करतात ते. त्यात थोडं ग्लिसरीन घालून ते आटवलं. अव्वाच्या उजव्या हाताच्या पाची बोटांचे साचे दातांच्या डॉक्टरांकडच्या लगद्यात घेतले. साच्याला आतून पावडर लावावी लागते, नाहीतर बोट निघता निघत नाही. नेमकी पावडर संपलेली. देव्हाऱ्यात अव्वाचा विभूतीचा गोळा होता. तो बोटानं खरवडून शिवकांतानं साच्याच्या आतून हात फिरवला. राखच ती, पावडरीहून बारीक, असा तिनं विचार केला.

पाची बोटं साच्यातून अलगद निघाली. पिवळसर, मऊ, नखासकट. अव्वानं चष्मा लावून ती निरखली आणि विचारलं, “भस्म लावलंस का गं याला?”

“साच्याला लावलं. चिकटू नये म्हणून.”

“भस्म आपण जल्मलेल्याला लावतो, न्हाई तर गेलेल्याला,” अव्वा म्हणाली. “ह्यातलं हे काय हाय, त्ये तरी ठरवून लावायचं.”

ती हसूनच बोलली होती. शिवकांतानंही हसून सोडून दिलं.

एक अडचण होती. चायना ग्रास वाळलं की आकसतं, आणि बेचाळीस डिग्रीत ते तासाभरात सुपारीएवढं झालं असतं. म्हणून अंगठा तिनं स्टीलच्या डब्यात ओल्या कापसावर ठेवला, रोज चार चमचे पाणी घालून. बाकीची चार बोटं नांदेडला मार्गदर्शकांना हवी होती. तीही ओल्या कापसात गुंडाळली, जेवणाच्या डब्यात भरली, आणि अहमदपूर-लोह्याच्या रस्त्यानं एसटीत मांडीवर घेऊन नेली. शेजारच्या बाईनं विचारलं, डब्यात काय खमंग आहे? शिवकांता म्हणाली, वड्या.

पंचाक्षरी सर भला माणूस. कामात काटेकोर, बोलण्यात गोड. त्यांनी बोटं उलटसुलट करून पाहिली, पोरी, हात चांगला आहे तुझा, म्हणाले, आणि ती चारही विभागाच्या फ्रीजमध्ये झाकणाच्या वाटीत ठेवून दिली. पाण्याची काळजी करू नकोस, इथं वाळायची नाहीत, असंही म्हणाले.

३

पहिल्या दिवशी अव्वाच्या अंगठ्याला चौऱ्याऐंशी आले आणि नकली अंगठ्याला सहा. शिवकांतानं अव्वाला मिठीच मारली. रेषा नसल्या तरी घाम होता, आणि यंत्राला तो दिसला होता. अव्वा जिवंत होती, आता कागदोपत्रीसुद्धा.

आठवड्यानं अव्वाला एकोणऐंशी आणि नकलीला अकरा आले. त्यात काय, कापूस जास्त ओला राहिला असेल. तिनं नकली अंगठा फडक्यानं टिपून पुन्हा ठेवला. पुन्हा अकराच.

मग एकाहत्तर आणि एकोणीस. मग चौसष्ट आणि सव्वीस.

त्या दिवशी वहीत आकडे उतरवताना तिच्या हातातलं पेन थांबलं. चौऱ्याऐंशी नि सहा नव्वद. एकोणऐंशी नि अकरा नव्वद. एकाहत्तर नि एकोणीस, चौसष्ट नि सव्वीस. रोज नव्वद.

कुठलीही शहाणी बाई करील तेच तिनं केलं. प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. दोन फोटो एकमेकांत मिसळतात का पाहिलं, संगणक बदलला, काच स्पिरिटनं पुसली, यंत्र मैत्रिणीकडून दुसरं आणलं. स्वतःच्या अंगठ्याला नव्वदच्या आसपास आकडा येत होता आणि तो हलत नव्हता. खडू, मेणबत्ती, बटाटा, सगळ्यांना तीन-चार. हलत होते ते फक्त अव्वा आणि तिचा नकली अंगठा. एक उतरत होता, दुसरा तेवढाच चढत होता.

तिनं सरांना फोन केला. सर बराच वेळ ऐकत राहिले. कोरड्या हवेत माणसाचा घाम कमी होणारच, म्हणाले, आणि तुझं ते चायना ग्रास पाणी धरून ठेवतंय, बेरीज हा योगायोग. उगा भुताच्या मागं लागू नकोस. तिला बरं वाटलं. शिकलेल्या माणसानं समजावलं की बरं वाटतंच.

४

मे लागला आणि पारा चव्वेचाळीसवर गेला. पत्र्याखाली बसलेल्या माणसाच्या अंगातून नुसत्या धारा लागायच्या. शिवकांताचा ब्लाऊज दिवसातून दोनदा भिजायचा, आणि घामाला पाणी होतं, धुवायला नव्हतं. अव्वा मात्र कोरडी ठणठणीत. कपाळावरची विभूतीची तीन बोटं सकाळी ओढलेली तशीच्या तशी संध्याकाळपर्यंत. आधी घामानं ती दुपारीच ओघळायची.

“अव्वा, तुला उकडत न्हाई?”

“न्हाई बाई. उलट ही चार बोटं लई गार पडल्यात,” अव्वानं उजवा हात पुढं केला. “अंगठा सोडून. माठात हात घालून बसल्यावानी.”

शिवकांतानं हात हातात घेतला. अंगठा सुकलेल्या कातड्यासारखा होता आणि त्याच्या शेजारची चार बोटं बर्फासारखी. मे महिन्यात, भर दुपारी. डोकं म्हणालं, रक्त फिरत नसेल, वय झालं.

ती अव्वाला वीरभद्र डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, कातडी चिमटीत धरून सोडली. चिमटीतली कातडी तशीच उभी राहिली. अंगात पाणी नाही म्हणाले, पाणी पाजा. अहो, पाजतोय की! चार दिवसांपासून शिवकांता स्वतःच्या वाट्याचंही तिला पाजत होती. जायचं कुठं ते पाणी?

घरी येऊन तिनं स्टीलचा डबा उघडला. सकाळी चार चमचे घातले होते, कापूस कोरडा पडला होता. आणि कोरड्या कापसावरच्या त्या गुळगुळीत अंगठ्यावर मोहरीएवढे थेंब उभे होते. तिनं झाकण लावलं. मग पुन्हा उघडून पाहिलं. थेंब तिथंच होते, तेवढ्यात एक ओघळून खालीही गेला. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात. तरी तिनं तो अंगठा यंत्रावर ठेवला. एक्क्याऐंशी.

अव्वाला त्या सकाळी नऊ आले होते.

५

शिवकांता त्या दिवसापासून घाबरली. आधी चक्रावली होती, आता घाबरली, हा फरक तिला स्वतःला कळत होता. अव्वा आपल्या डोळ्यांदेखत जाते आहे आणि त्या डब्याशी तिचा काहीतरी संबंध आहे, एवढं मनाशी कबूल करायला तिला दोन दिवस लागले. मग तिनं साधा उपाय केला. त्या डब्याचं पाणी तोडलं. वाळू दे, आकसू दे, सुपारी होऊ दे. खड्ड्यात गेला प्रबंध!

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला अव्वा ज्वारी पाखडता पाखडता आडवी झाली. ओठांना चिरा पडलेल्या, डोळे आत गेलेले, हाक मारली तर नुसती पापणी हलायची. रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेली. सलाईन लावलं, अख्खी बाटली उतरली, पण ओठ तसेच पांढरे. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, घरी न्या, संध्याकाळी बघू.

घरी आणून तिला खाटेवर टाकलं. शिवकांताला काही सुचेना. ती दाराजवळच्या फळीशी गेली, डबा उघडला. अंगठा आक्रसून काळपट झाला होता, नखाजवळ भेग पडली होती. तिनं का केलं ते तिलाच ठाऊक, पण भांड्यातलं पाणी घेऊन तिनं कापूस भिजवला.

अर्ध्या तासात अव्वा उठून बसली आणि चहा मागितला.

सलाईनचा गुण यायला वेळ लागतो, असं शिवकांताचं डोकं तिला सांगत राहिलं. डॉक्टरही तेच म्हणाले. तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती डब्यात चारऐवजी सहा चमचे घालू लागली.

अव्वा उठून बसली त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. आकड्यांनी त्यांनाही झोप येईना झाली होती. त्यांचं म्हणणं असं, की चायना ग्रासच्या पोटात बारीक पोकळ्या होत असतील आणि त्यांतून पाणी वर येत असेल. फ्रीजमधल्या चारांपैकी एखादं बोट चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघू. चालेल ना? शिवकांताचं अर्धं लक्ष खाटेवर होतं. अव्वा बशीतला चहा फुंकून फुंकून पीत होती. आज ती वाचली होती, बाकी जगात काय चाललंय याच्याशी शिवकांताला देणंघेणं नव्हतं.

“कापा की सर,” ती म्हणाली. “साचे आहेतच माझ्याकडं.”

अव्वाला यातलं काही सांगायचं कारणच नव्हतं.

६

टँकर आठवड्यानं यायचा तो दहा दिवस झाले तरी आला नाही. पिंपाच्या तळाशी गाळ. घरात तांब्याभर पाणी उरलं, मग पेलाभर.

त्या सकाळी नऊ वाजले आणि अव्वा टेबलाशी आलीच नाही. शिवकांतानं हाक मारली तर म्हणाली, “आज ऱ्हाऊ दे.” पूजा कशीबशी उरकली होती. भाकरी थापली नव्हती, कालचीच पुरेल म्हणाली. उजवा हात पदराखाली घेऊन ती भिंतीकडं तोंड करून खाटेवर पडली होती. दुखतंय का विचारलं तर नुसतं हुं. शिवकांतानं जास्त खोदलं नाही. तिचं सगळं चित्त त्या पेल्यात होतं.

एक पेला पाणी आणि दोन तोंडं. तिनं पेला अव्वाच्या उशाशी नेला. अव्वाच्या ओठांना पुन्हा चिरा पडल्या होत्या.

“अव्वा, घोटभर घे.”

अव्वा वळली नाही. “मला दिऊन काय उपेग न्हाई,” ती हळू म्हणाली. “त्याला दे.”

“कुणाला?”

बाहेर कुणीतरी रिकाम्या घागरी सायकलला बांधत होतं, त्यांचा खणखणाट तेवढा येत होता.

शिवकांता उभी राहिली. डबा दाराजवळच्या फळीवर, खाट पलीकडच्या भिंतीला. मध्ये सहा पावलं. अव्वाची पाठ तिच्याकडे. वेडेपणा आहे हा, सख्ख्या आईच्या तोंडचं पाणी एका खेळण्याला घालायचं, असं म्हणत म्हणतच तिनं झाकण काढलं. पायांचा आवाज होऊ दिला नाही, झाकणाचा होऊ दिला नाही. पेला तिरका करून तिनं कापसावर धार धरली.

खाटेवर अव्वाच्या गळ्यातून घटकन आवाज आला. मग पुन्हा घटकन. कुणी ताक प्यावं तसे, लांब, सलग घोट. शिवकांताच्या हातातली धार चालू होती तोवर ते चालू होते.

“पुरे गं,” अव्वा भिंतीकडं तोंड करून म्हणाली, आणि समाधानानं श्वास सोडला.

शिवकांता पेला हातात धरून तशीच उभी राहिली. डोक्यात आता कुणी काही समजावत नव्हतं. माठात हात घातल्यासारखी गार चार बोटं. नांदेड. फ्रीज. झाकणाची वाटी.

कापा की सर.

पेला कुठं ठेवला ते तिला कळलं नाही. फोनचं बटण दोनदा चुकलं. तिकडून सरांनी उचलला तेव्हा ती एका दमात बोलली: सर, ती बोटं कापू नका, फ्रीजमधून काढून ठेवा, मी आत्ताच्या गाडीनं निघते, हातसुद्धा लावू नका त्यांना.

सर हसले. नेहमीसारखेच, मायेनं.

“अगं, तर्जनी सकाळीच चिरली की. पोकळी बिकळी काही नाही. आत नुसतं ओलं निघालं, आणि जरा लालसर. पाण्यात काही होतं का गं तुमच्या? म्हटलं एकावरून ठरवू नये, म्हणून मधलं बोट आता काचपट्टीवर घेतलंय. ब्लेड लावतच होतो, तेवढ्यात तुझा—”

फोन शिवकांताच्या कानाला घट्ट दाबलेला होता. बाहेर कुणाला काही ऐकू जाईल असा तो आवाजच नव्हता. खाटेवर अव्वा सावकाश इकडं वळली. उजवा हात पदराखालीच होता. डाव्या हातानं तिनं तो वरून धरून ठेवला होता आणि पदर तिथं ओला झाला होता.

“शिवे,” अव्वा म्हणाली, “त्याला म्हण, जरा थांब.”